निवृत्तीनंतर इलेक्ट्रिक गिटार: काय घ्यावं, कधी घ्यावं, कसं वाजवावं

बँकेतून निवृत्त होऊन मला तीन वर्षं झाली आणि इलेक्ट्रिक गिटार हातात घेऊन अडीच. या अडीच वर्षांत सोसायटीतल्या, जुन्या शाखेतल्या आणि नात्यातल्या सात-आठ जणांनी मला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला आहे: “या वयात बोटं वळतात का हो?” वळतात. पण कोणतं वाद्य घ्यायचं, तारा कशा हव्यात आणि सामान कोणत्या क्रमाने जमवायचं हे मला आधी कुणी सांगितलं असतं, तर सुरुवातीचे चार महिने आणि बरेच पैसे वाचले असते. साठीच्या आसपास नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी ते सगळं इथे लिहिते आहे.

आपल्या पिढीला हा आवाज तसा परका नाही. हजारा सिंग आणि व्हॅन शिप्ले यांनी इलेक्ट्रिक गिटारवर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या धून आपण रेडिओवर ऐकत मोठे झालो. ते वाद्य आपल्या दिवाणखान्यात येऊ शकतं, हे तेवढं तेव्हा कुणाच्या मनात आलं नव्हतं.

साधी की इलेक्ट्रिक?

“आधी साधी गिटार घ्या, हात बसला की इलेक्ट्रिककडे वळा,” असं दुकानदार सांगतात, नातेवाईक सांगतात, कधीकधी शिक्षकही सांगतात. साठीच्या बोटांना हा सल्ला उलटा पडतो. साध्या, म्हणजे अकूस्टिक गिटारला बहुतेक वेळा १२ नंबरच्या तारा असतात. नंबर म्हणजे सर्वांत बारीक तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात. त्या १२ नंबरच्या तारेवर सुमारे साडेदहा किलोचा ताण असतो. इलेक्ट्रिकवरच्या ९ नंबरच्या तारेवर तो सुमारे ६ किलोच असतो. शिवाय इलेक्ट्रिकची मान सडपातळ आणि तारा मानेवरच्या फळीच्या अधिक जवळ. ज्या बोटांना सकाळी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडताना त्रास होतो, त्यांना हा फरक पहिल्या मिनिटाला कळतो.

लेस पॉल यांचं उदाहरण मी सगळ्यांना सांगते. ज्यांच्या नावाची गिटार गिब्सन कंपनीने १९५२ साली काढली तेच हे वादक. संधिवाताने बोटं आखडलेली असतानाही नव्वदी ओलांडून ते न्यूयॉर्कच्या इरिडियम क्लबमध्ये दर सोमवारी वाजवत. २००९ साली, वयाच्या ९४ व्या वर्षी ते गेले. दुसरे बर्मिंगहॅमचे गिटारवादक टोनी आयोमी. कारखान्यातल्या अपघातात त्यांच्या दोन बोटांची टोकं तुटली. त्यांनी प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणं केली, बारीक तारा चढवल्या आणि पुढे तारा उतरवून, म्हणजे खालच्या स्वराला लावून वाजवायला लागले. यातल्या बारीक तारा आणि उतरवलेला स्वर या दोन युक्त्या आपल्यालाही जशाच्या तशा उपयोगी पडतात. त्याबद्दल पुढे येईलच.

खरेदीआधी स्वतःची तपासणी

डाव्या हाताची नखं अगदी मुळापर्यंत कापावी लागतात. मधुमेहामुळे बोटांची टोकं बधिर होत असतील किंवा एखादं बोट वाकून अडकत असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून घ्या. गिटार बंद करायला सांगतील असं नाही, पण रोज किती वेळ वाजवायचं ते ठरवता येतं. श्रवणयंत्र वापरत असाल तर ऑडिओलॉजिस्टकडून त्यात संगीतासाठी वेगळं सेटिंग करून घ्या. बोलणं ऐकण्यासाठी लावलेलं यंत्र लांबवलेला स्वर गोंगाट समजून दाबायला बघतं.

बायकांसाठी एक सांगते, कारण कुठल्याही पुस्तकात हे मिळणार नाही. वाजवायला बसताना उजव्या हातातल्या बांगड्या काढून ठेवा आणि मंगळसूत्र पदराआड किंवा कुर्त्याच्या आत घ्या. माझ्या गिटारवर ब्रिजच्या, म्हणजे तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात त्या पट्टीच्या, खाली चंद्रकोरीसारखे सात ओरखडे आहेत, ते पाटल्यांचे. पुरुषांच्या पट्ट्याचं बक्कल हेच काम मागच्या बाजूला करतं.

गिटार कशी निवडावी

इलेक्ट्रिक गिटारमध्ये वीज वापरणारं सहसा काही नसतं. तारांखाली पिकअप असतो, म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. पोलादी तार त्यावर थरथरली की वेटोळ्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह तयार होतो आणि त्याला आवाज वाढवणारं यंत्र, म्हणजे अ‍ॅम्प मोठा करतो. वीज लागते ती अ‍ॅम्पला.

पिकअप दोन प्रकारचे. एका वेटोळ्याचा, म्हणजे सिंगल कॉइल, स्वच्छ आणि टणत्कार असलेला. पण घरातल्या ट्यूबलाइटचा, पंख्याच्या रेग्युलेटरचा आणि स्वस्त एलईडी दिव्यांचा गुणगुणाटही तो टिपतो. दोन वेटोळ्यांचा हंबकर तो गुणगुणाट आपोआप पुसतो, कारण एका वेटोळ्यातला गोंगाट दुसऱ्याच्या नेमका उलटा पडतो. गिब्सनमधल्या सेथ लव्हर यांनी १९५५ च्या सुमारास तो घडवला आणि १९५७ पासून तो गिटारींवर दिसू लागला. आपल्या फ्लॅटमध्ये, जिथे एकाच खोलीत पंखा, राउटर आणि टीव्ही चालू असतात, तिथे निदान एक हंबकर असलेली गिटार घ्यावी असं माझं मत आहे. यामाहाच्या पॅसिफिका मालिकेतल्या काही मॉडेलमध्ये ब्रिजजवळ हंबकर आणि वर दोन सिंगल कॉइल अशी सोय असते. सुरुवातीला ती फार उपयोगी.

आकाराचं म्हणाल तर वजन आणि लांबी या दोन गोष्टी पाहा. १९५४ साली आलेल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरचं अंग वादकाला टोचू नये म्हणून मागून आणि वरून घासून गोलसर केलेलं आहे. पाठ आणि बरगड्या दुखणाऱ्यांना तो घाट बरा पडतो. लेस पॉल घाटाची गिटार अनेकदा चार किलोंच्या वर जाते. बसून वाजवली तरी तासाभरात खांदा भरून येतो. मात्र तारेची वाजणारी लांबी स्ट्रॅटवर साडेपंचवीस इंच असते आणि लेस पॉलवर पावणेपंचवीस. पाऊण इंचाच्या या फरकाने ताण थोडा उतरतो आणि पडदे, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, जरा जवळ येतात. म्हणून तळहात लहान असेल तर कमी लांबीची, पण हलकी गिटार शोधा. तारा कुलूपबंद करणाऱ्या ट्रेमोलोची, म्हणजे दांड्याने स्वर हलवणाऱ्या ब्रिजची, जिला फ्लॉइड रोज म्हणतात, ती पहिली गिटार म्हणून मुळीच घेऊ नका. तिची एक तार बदलली तरी बाकीच्या पाचही उतरतात.

फेंडरचा स्क्वायर, गिब्सनचा एपिफोन, यामाहा, आयबनेझ, कोर्ट ही नावं आपल्याकडे सहज मिळतात. १५ ते ३० हजारांच्या टप्प्यात यातली चांगली गिटार येते. त्याखालच्या कोऱ्या गिटारमध्ये खुंट्या आणि पडदे दगा देतात. या टप्प्यातली घेतली तर पहिली दोन वर्षं दुसऱ्या गिटारची गरज पडू नये.

दुकानात काय करायचं

मुंबईच्या आसपास असाल तर धोबी तलावला फुर्टाडोजमध्ये एकदा तरी जा. १८६५ पासून चालत आलेलं दुकान आहे आणि हातात घेऊन पाहायला खूप वाद्यं असतात. कुठेही गेलात तरी उभ्याने पाहू नका. बिनहाताची खुर्ची मागा आणि दहा मिनिटं गिटार मांडीवर घेऊन नुसत्या बसा. वाजवता येत नाही म्हणून संकोचायचं कारण नाही, कारण पुढच्या तपासण्या करायला वाजवता यावं लागत नाही.

डावा तळहात मानेच्या कडेवरून हळू वर-खाली फिरवा. पडद्यांची टोकं खरखरत असतील तर ती घासावी लागतील. मग प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबून एकेकदा छेडा. सहा तारा, एकवीस-बावीस पडदे, म्हणजे सव्वाशेहून अधिक स्वर. वेळ लागतो, लागू द्या. जिथे तार फरफरते तो पडदा लक्षात ठेवा. बाराव्या पडद्यावर तार दाबून वाजवा आणि मग त्याच जागी बोट नुसतं टेकवून वाजवा. दोन्ही स्वर एकच यायला हवेत. नसतील तर ब्रिज सरकवून घ्यावा लागेल. शेवटी आवाजाची बटणं फिरवून कर्रकर्र येते का ते ऐका.

आणि बिल करण्यापूर्वी सेटअपबद्दल बोला. हा शब्द मी पहिल्या चार महिन्यांत ऐकलाच नव्हता. मी पहिली गिटार घरपोच मागवली होती. खोक्यातून काढली, तशीच वाजवायला लागले. पहिल्या पडद्यावर तार दाबताना तर्जनी पांढरीफटक व्हायची आणि मला वाटायचं, वय झालं. माझा शिक्षक चोवीस वर्षांचा आहे. त्याने पहिल्याच दिवशी बाराव्या पडद्यावर पोलादी पट्टी लावली आणि म्हणाला, “काकू, तुमचं बोट ठीक आहे. तार साडेतीन मिलिमीटर वर आहे.” दोन मिलिमीटरच्या आत हवी असते, जाड तारेला दीड ते दोन, बारीक तारेला त्याहून थोडी कमी.

त्याच्या ओळखीच्या कारागिराने ते काम माझ्यासमोर केलं. गिटारच्या मानेत आत एक पोलादी सळई असते, ट्रस रॉड. तारांचा ताण मानेला पुढे ओढतो, ही सळई तिला मागे धरते. कारागिराने खुंट्यांजवळच्या भोकात अ‍ॅलन की घातली, घड्याळाच्या दिशेने पाव फेरा दिला आणि किल्ली काढून बाजूला ठेवली. “आता चहा घेऊ. लाकडाला बसू द्या,” म्हणाला. चहा झाल्यावर पुन्हा पट्टी लावली, डोळा मानेच्या रेषेत आणून पाहिलं, मग ब्रिजवरच्या सहा खोगिरांचे बारीक स्क्रू एकेक करून खाली घेतले, आणि शेवटी पहिल्या पडद्याजवळच्या नटच्या, म्हणजे डोक्याकडच्या पट्टीच्या, खाचा कानशीने जराशा खोल केल्या. सव्वा तास लागला. त्या संध्याकाळी माझी तर्जनी पांढरी पडली नाही.

मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी काढून घेतल्याशिवाय कुणी गायला बसत नाही. सेटअपला तेवढाच मान द्या. हजार-दोन हजार रुपये जातात आणि वीस हजारांची गिटार त्यानंतरच वीस हजारांची होते.

अ‍ॅम्प, आणि त्याआधी अर्थिंग

फ्लॅटसाठी ५ ते २० वॉटचा, हेडफोनची सोय असलेला अ‍ॅम्प पुरतो. वॉट दुप्पट झाले म्हणजे आवाज दुप्पट होतो असं नाही. कानाला दुप्पट वाटायला वॉट सुमारे दहापट लागतात. त्यामुळे दहा आणि वीस वॉटमध्ये ऐकायला फरक थोडाच. यामाहाचा टीएचआर, बॉसचा कटाना, फेंडरचा मस्टँग यांसारख्या अ‍ॅम्पमध्ये वेगवेगळे आवाज आणि इफेक्ट आतच भरलेले असतात. पेडलचा, म्हणजे पायाने दाबून आवाज बदलणाऱ्या छोट्या डब्यांचा, मोह पहिलं वर्षभर तरी लांब ठेवायला तेवढे पुरेसे आहेत. व्हॉल्व्हचे जुन्या धाटणीचे अ‍ॅम्प फार गोड वाजतात, पण ते जड असतात आणि खरा आवाज मोठ्याने वाजवल्यावरच देतात. त्यांच्या आत प्लग काढल्यावरही विजेचा जीवघेणा दाब साठून राहू शकतो, तेव्हा स्वतः उघडायचे नाहीत. अ‍ॅम्प जमिनीवर ठेवला तर आवाज पोटऱ्यांकडे जातो आणि आपण नकळत तो वाढवत बसतो; स्टुलावर ठेवून तोंड कानाकडे करा.

आता अर्थिंग. हे परिच्छेद गाळू नका. गिटारच्या तारा केबलमधून अ‍ॅम्पच्या अर्थशी जोडलेल्या असतात. म्हणूनच तारांना हात लावला की गुणगुणाट कमी होतो; ते नेहमीचं आहे. पण तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर लगेच प्लग काढा. आमची इमारत जुनी आहे. तिसरी पिन बोर्डावर दिसत होती, मागे मात्र तिला तार जोडलेलीच नव्हती. इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि मीटर लावून घ्या: फेज आणि अर्थमध्ये साधारण २३० व्होल्ट दिसायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थमध्ये जवळपास शून्य. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन काढून तो दोन भोकांत बसवण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. गिटारच्या अ‍ॅम्पशी ती कधीही करू नका.

मुलं अमेरिकेत असतील तर आणखी एक. तिथून गिटार आणली तर ती इथे जशीच्या तशी चालते, कारण तिला वीज लागत नाही. अ‍ॅम्प मात्र तिथला १२० व्होल्टवर चालणारा असतो. आपल्या २३० च्या बोर्डाला लावला की जळतो. मागच्या बाजूला १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असेल तरच आणायला सांगा. माझ्या मुलीला मी मागच्या फेरीत तारांची सहा पाकिटं आणि एक चांगला पट्टा आणायला सांगितला. बॅगेत जागाही लागली नाही.

तारा पेटीवर लावून पाहा

ज्यांच्या घरात हार्मोनिअम आहे त्यांच्यासाठी इथे मोठी सोय आहे. गिटारच्या सहा तारा जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात. पेटीच्या भाषेत त्या पांढरी ३, पांढरी ६, पांढरी २, पांढरी ५, पांढरी ७ आणि पुन्हा पांढरी ३. खालच्या तारेला सा धरलं की पुढची तार तिच्या शुद्ध मध्यमावर येते. असं प्रत्येक जोडीत होतं, फक्त जी आणि बी मध्ये मध्यमाऐवजी शुद्ध गंधाराचं अंतर आहे. हे एकदा कानात बसलं की ट्यूनर न पाहताही कुठली तार चळली ते कळतं. रोज लावायला मात्र मानेच्या टोकाला चिमट्यासारखा बसणारा ट्यूनर घ्या, तीन-चारशे रुपयांत येतो.

आता उतरवण्याची युक्ती. सहाही तारा अर्धा स्वर खाली घेतल्या की ताण सुमारे ११ टक्के कमी होतो, बोटांना ते लगेच जाणवतं. आणि गंमत पाहा, सगळ्या तारा काळ्या पट्ट्यांवर येतात: काळी २, काळी ४, काळी १, काळी ३, काळी ५, काळी २. आपल्याकडे कितीतरी गायक काळी १ मध्ये गातात. त्यांचा षड्ज मग चौथ्या (तारा बारीककडून मोजतात) मोकळ्या तारेवर आयता मिळतो, बोटही लावावं लागत नाही.

पहिले तीन महिने

सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं. सलग तासभर बसण्यापेक्षा हे फार चांगलं, कारण बोटांना मधे विश्रांती मिळते. थंडीत सुरू करण्यापूर्वी हात दोन मिनिटं कोमट पाण्यात धरा. सोफ्यावर बसू नका, झोपाळ्यावर तर नाहीच. खुर्ची हवी, आणि बसून वाजवतानाही पट्टा गळ्यात अडकवा. म्हणजे डाव्या हाताला मान धरून ठेवायचं काम उरत नाही.

तार पडद्यावर दाबायची नाही, पडद्याच्या अगदी अलीकडे दाबायची. पडद्यापासून लांब दाबली तर जोर जास्त लागतो. पहिले दोन-तीन आठवडे बोटांची टोकं हुळहुळतात, मग तिथे घट्टा पडतो. तेवढं सोसावं. मनगट, अंगठ्याचं मूळ किंवा बोटाचा सांधा दुखला तर मात्र त्या दिवशी थांबायचं.

पहिल्या महिन्यात एकेका तारेवर साधी चाल काढा. लहानपणापासून तोंडात बसलेली एखादी आरती किंवा गाणं घ्या. चुकलं की कान आपणहून सांगतो. उजव्या हातात पिक, म्हणजे तारा छेडायची लहान चकती, घेऊन एकदा खाली, एकदा वर, असं सतारीच्या दा-रा सारखं मारायचं. बोटांत पकड कमी असेल तर एक मिलिमीटर किंवा त्याहून जाड पिक घ्या, पातळ पिक निसटतं. दुसऱ्या महिन्यात कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे स्वरसमूह: ई मायनर, ए मायनर, मग डी आणि जी. एफची पूर्ण आडव्या बोटाची कॉर्ड सगळ्यांना छळते. तिची घाई नको, दोन-तीन तारांची छोटी एफ घेऊन पुढे जा. आणि तार बाजूला ओढून मींड काढायला लवकर सुरुवात करा. ही खेच एकट्या बोटाने काढायची नाही. अनामिकेच्या मागे मधलं बोट आणि तर्जनी टेकवून तिन्हींनी ढकलायचं, मनगट दाराच्या मुठीसारखं वळवायचं. ज्याने आयुष्यभर गाणं ऐकलं आहे त्याच्या मींडेत दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच अर्थ येतो. वीस वर्षांच्या मुलांना वेग लवकर येतो, आपल्याकडे ठेहराव आधीपासून असतो.

शिक्षक हवाच, निदान पहिले सहा महिने, आठवड्यातून एकदा. परीक्षेची आवड असेल तर ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या रॉक अँड पॉप परीक्षा आपल्याकडेही देता येतात. मी दिलेली नाही. मला शिकलेलं गाणं तारखेशिवाय मुरू द्यायला आवडतं.

सामान जमवताना

यातला आनंद खोटा नाही. नवीन पेडलच्या खोक्याचा वास, बटणाचा खटका, आवाजाला अचानक फुटलेली खोली, हे सगळं मला अजून हवंहवंसं वाटतं. म्हणूनच मी एक वही ठेवली आहे. एखादी वस्तू घ्यावीशी वाटली की तारीख टाकून लिहायचं आणि पुढे एक वाक्य: हिच्याशिवाय माझ्या वाजवण्यात नेमकं काय कमी पडतं आहे? ते वाक्य लिहिता आलं नाही तर वस्तू थांबते. कानाला उणीव ऐकू येण्याआधी घेतलेलं सामान कपाटात जातं. उणीव ऐकू आल्यावर घेतलेलं रोज हातात राहतं. वहीत आजवर एकतीस नोंदी झाल्या, त्यातल्या नऊ वस्तू घरात आल्या.

पैशांचं सांगायचं तर ग्रॅच्युइटी आणि भविष्यनिर्वाह निधीला हात लावायचा नाही आणि हप्त्यांवर काही घ्यायचं नाही. वरिष्ठ नागरिक बचत योजनेचं व्याज दर तिमाहीला येतं, त्यातला ठरावीक वाटा मी वेगळ्या बचत खात्यात टाकते. एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारी. त्या खात्यात असेल तेवढंच सामान.

गिटारबरोबर लगेच लागतात त्या वस्तू थोड्या: तीन मीटरची चांगली केबल, स्टँड, पट्टा, ट्यूनर, तारांचे दोन संच. पेडलमध्ये बहुतेक जण आधी आवाज फाडणारी डिस्टॉर्शन घेतात. मी सांगेन, आधी लूपर घ्या. पायाने दाबलं की तुम्ही वाजवलेले चार ठेके तो मुद्रित करतो आणि पुन्हा पुन्हा वाजवत राहतो. त्यावर तुम्ही चाल वाजवायची. एकट्याने रियाज करणाऱ्याला साथीदार मिळतो, आणि आपली लय कुठे धावते हे तो न बोलता दाखवतो. त्यानंतर आवाज हलकासा फाडणारी ओव्हरड्राइव्ह, आयबनेझचा हिरवा ट्यूब स्क्रीमर किंवा बॉसची कुठलीही साधी पेडल. बॉसच्या त्या लहान चौकोनी पेडल १९७७ पासून निघताहेत आणि जुन्या घेतल्या तरी सहसा चालू निघतात. मग प्रतिध्वनीसाठी डिले. कोरस, वाह, कॉम्प्रेसर या वहीतल्या वाक्याची वाट पाहू शकतात.

जोडायचा क्रम असा: गिटार, ट्यूनर, वाह, ओव्हरड्राइव्ह, कोरस, डिले, रिव्हर्ब, अ‍ॅम्प. डिले ओव्हरड्राइव्हच्या आधी लावला तर सगळे प्रतिध्वनी एकत्र फाटून चिखल होतो. कधी मुद्दाम तसंही करतात, पण आधी सरळ क्रम ऐकून घ्या.

पेडलच्या विजेबाबत एक कळकळीची सूचना. बहुतेक पेडलना ९ व्होल्ट लागतात आणि पिनेचा आतला भाग उणे असतो. घरातले इतर अ‍ॅडॉप्टर बहुधा नेमके उलटे. मी सेट-टॉप बॉक्सचा १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लावला, कारण पीन बरोब्बर बसली. दिवा एकदा लागला, जळका वास आला आणि माझा पहिला डिले कायमचा गप्प झाला. पेडलच्या मागे छापलेले व्होल्ट, पिनेचं चिन्ह आणि मिलिअँपिअर वाचून, सगळ्यांच्या मिलिअँपिअरची बेरीज करून, त्याहून मोठा पुरवठा घ्या.

पेडलसाठी फळी विकत घेऊ नका. सुताराकडून १२ मिलिमीटर प्लायची ४५ बाय ३० सेंटिमीटरची फळी करून घ्या, मागची बाजू दोन इंच उंच, मधे केबल जायला फट. वर वेलक्रो चिकटवा.

जुनी गिटार घेताना मान आणि डोकं जिथे मिळतं तिथे उजेडात भेग पाहा, पहिल्या तीन पडद्यांवर तारांच्या खाचा किती खोल आहेत ते पाहा, आणि मोठं नाव फार स्वस्तात मिळत असेल तर ती नक्कल समजा. घरात जे येईल त्याची यादी किमतीसह लिहून ठेवा आणि पुढे ते कुणाला द्यायचं तेही लिहा. आपल्या माघारी मुलांना त्यातलं काय मोलाचं आणि काय साधं हे कळायला हवं. माझी लाल गिटार शिक्षकाच्या धाकट्या बहिणीला जाणार आहे, तिला ते माहीत आहे.

पावसाळा

कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर हा खरा शत्रू. गिटार बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, त्या भिंतीला ओल येते. वाजवत नसाल तेव्हा पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि त्या पुड्या अधूनमधून बदला. वाजवून झाल्यावर प्रत्येक तार जुन्या सुती साडीच्या फडक्याने चिमटीत धरून पुसा; घामाने तारा गंजतात. दोन-तीन महिन्यांनी संच बदला. अनेक गिटारींची फळी दक्षिण भारतातल्या शिसवीची असते, म्हणजे आजोळच्या वाड्यातल्या झोपाळ्याचंच लाकूड. तिला वर्षातून एक-दोनदा लेमन ऑइलचे चार थेंब पुरतात. खोबरेल लावू नका, ते खवट होऊन चिकटतं. मेपलच्या पिवळसर, चकचकीत फळीला काहीच लावायचं नाही. कामाला येणाऱ्या ताईंनाही सांगून ठेवा की हिला ओलं फडकं चालत नाही.

दुसऱ्यांबरोबर वाजवा

सहा-आठ महिन्यांनी दोन कॉर्ड न थांबता बदलता आल्या की घराबाहेर पडा. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात गुरुवारी गाणी असतात. मी बॅटरीवर चालणारा छोटा अ‍ॅम्प घेऊन गेले, आवाज पेटीपेक्षा कमी ठेवला. एक काका गाणार होते, पंच्याऐंशीचे. मी पट्टी विचारली. “काळी एक,” ते म्हणाले. “पण तुमच्या त्या वाद्याला झेपेल का?” तारा घरूनच अर्धा स्वर उतरवून नेल्या होत्या. चौथी तार मोकळी छेडली आणि लूपरवर ठेवली. काकांनी डोळे मिटून त्या स्वरात आ लावला आणि मग बराच वेळ कुणी पेटी उघडलीच नाही.

जाताना केबल दोन न्या. त्या दिवशी माझी एक ऐनवेळी तुटली होती.